घाईतल्या काकांचा फोन

विमान बेपत्ता झालं त्याच्या चौथ्या दिवशी शिट्टीला शोध लागला, की लोक आपलं ऐकतात. त्याआधीची सोळा वर्षं ती बोलतच होती. घरात, वर्गात, रस्त्यात, तोंडात घास असताना. आवाज असा पातळ आणि धारदार, की शेजाऱ्यांनी लहानपणीच तिचं नाव शिट्टी पाडलं आणि ते इतकं चिकटलं की बाईसुद्धा हजेरी घेताना एकदा चुकल्या होत्या. पण बोलणं वेगळं आणि ऐकलं जाणं वेगळं.

त्या चौथ्या दिवशी मधल्या सुट्टीत वर्गात नेहमीसारखी चर्चा पेटली होती. दोनशे अकरा माणसं घेऊन एक विमान सकाळी नऊला उडालं आणि साडेदहानंतर कुठल्याच यंत्रावर दिसलं नाही, एवढीच खरी गोष्ट. बाकी ज्याला जे सुचेल ते. कुणी म्हणे पळवलं, कुणी म्हणे पाडलं, कुणी म्हणे वैमानिकाचं घरी भांडण झालं होतं. शिट्टी बाकावर चढली, फळ्यावर खडूने समुद्र काढला, वर उत्तरेला बेटांचे ठिपके दिले आणि म्हणाली, एक प्रवासी आहे, त्याची मुलगी त्याला रोज फोन करते आणि तो फोन वाजतो. पाण्यात बुडालेला फोन वाजेल का? नाही. म्हणजे फोन कोरडा आहे. म्हणजे फोन जमिनीवर आहे. म्हणजे विमान जमिनीवर आहे. म्हणजे माणसं जिवंत आहेत.

चार 'म्हणजे'. बस. मैत्रिणीने ते दीड मिनिटाचं भाषण मोबाईलवर टिपलं आणि इंटरनेटवर टाकलं. संध्याकाळपर्यंत ते इतक्या लोकांनी पाहिलं, की शिट्टीने आकडा मोजायचं सोडून दिलं. दोन दिवसांनी एका वाहिनीवर एक टाय लावलेले गृहस्थ तिचेच चार 'म्हणजे' तिचं नाव न घेता बोलून गेले. शिट्टीने त्या दिवशी जेवताना जरा भावच खाल्ला.

ती मुलगी, जिचे वडील विमानात होते, तिला आता सगळे 'फोनवाली मुलगी' म्हणत. नववीत होती. बारीक चणीची, कपाळावर केस आलेले. पहिल्यांदा टीव्हीवर आली तेव्हा तिला बोलताही येत नव्हतं, नुसता फोन पुढे धरून ती म्हणाली होती, "ऐका ना. वाजतोय." फोन कंपनीचा एक साहेब मध्ये येऊन म्हणाला, की आमच्या नोंदीप्रमाणे तो फोन याच शहरात असल्याचं दिसतंय, आम्ही तपासतोय. निवेदक असा हसला, की विचारू नका. विमान समुद्रावर आणि फोन शहरात? म्हणजे काहीतरी लपवताय. सगळ्यांनी तेच म्हटलं. शिट्टीनेही म्हटलं, फळ्यावर दुसरं चित्र काढून.

आता शिट्टीच्या दुकानाबद्दल सांगायला हवं. म्हणजे तिच्या बाबांच्या. जुन्या बाजाराच्या आतल्या बोळात मोबाईल दुरुस्तीची साठेक दुकानं, त्यातलं सर्वांत अरुंद हे. दोन्ही हात पसरले तर दोन्ही भिंतींना बोटं लागत. पुढे काउंटर, त्याच्यामागे बाबांचं स्टूल, त्याच्यामागे एक उभं कपाट, आणि कपाट आणि स्टूल यांच्यामध्ये जी काय जागा उरेल ती शिट्टीची. शाळा सुटली की ती काउंटरची फळी उचलून आत शिरायची आणि दुकान बंद होईपर्यंत बाहेर पडायची सोय नसायची, कारण तिला बाहेर काढायचं तर बाबांना उठावं लागे, आणि बाबा एकदा भिंग डोळ्याला लावून बसले की उठत नसत. आई गेला महिना मावशीच्या बाळंतपणाला गेलेली, त्यामुळे घरी लवकर जाण्यात तसाही राम नव्हता.

दुकानाचे दोन नियम होते. पहिला, गिऱ्हाइकाचं नाव विचारायचं नाही. माणसं नाव सांगताना दहा गोष्टी सांगतात आणि रांग खोळंबते, असं बाबांचं म्हणणं. पावती लिहायचं काम शिट्टीचं, ती माणूस बघून नाव ठेवायची. 'निळी छत्री'. 'सतत खोकणारे'. 'नवीन लग्न'. पावतीचा अर्धा तुकडा गिऱ्हाइकाला, अर्धा फोनला रबराने बांधलेला.

दुसरा नियम जास्त कडक. दुरुस्तीला आलेला फोन वाजला तर उचलायचा नाही. कधीच नाही. आवाज बंद करायचा आणि ड्रॉवरमध्ये टाकायचा. याला कारण होतं. पूर्वी एकदा बाबांनी भलेपणाने एका गिऱ्हाइकाचा फोन उचलला आणि पलीकडच्या बाईंना सांगितलं, की साहेब आत्ताच समोरच्या हॉटेलात जेवायला गेलेत, दोघंच आहेत, येतील. त्या बाई साहेबांच्या बायको निघाल्या आणि साहेब घरी सांगून परगावी मीटिंगला गेलेले निघाले. त्यानंतर काउंटरची काच नवी बसवावी लागली. तेव्हापासून ड्रॉवरमध्ये दिवसभर फोन थरथरत, एकमेकांना ढुशा देत, आणि बापलेक दोघांच्या कानांना ते पंख्याच्या आवाजाइतकंच ऐकू येई, म्हणजे येतच नसे.

विमान गेल्यापासून मात्र दुकानाचा नुसता अड्डा झाला होता. शेजारचा चावीवाला, ज्याला शिट्टी चावीकाका म्हणायची, तो हातातली कानस तशीच घेऊन यायचा आणि रोज नव्याने विमान पळवायचा. समोरच्या चष्म्याच्या दुकानातल्या काकू वैमानिकाच्या बायकोवर संशय धरून होत्या, त्यांना तिचं टीव्हीवरचं रडणं पटलं नव्हतं. शिट्टीचं म्हणणं सगळ्यांच्या वर. आपल्याच बोळातली पोर टीव्हीवर न जाता टीव्हीपर्यंत पोचली म्हणून गिऱ्हाइकं तिला मुद्दाम विचारत, आणि ती आतल्या कोपऱ्यातून, बाबांच्या खांद्यावरून, सगळ्यांना बेटं दाखवी.

बाबा काही बोलत नसत. एकदाच म्हणाले होते, "तो म्हातारा कॅप्टन काय म्हणतो ते ऐकलंस का नीट?"

म्हातारा कॅप्टन जहाजावरचा, निवृत्त. त्याला वाहिन्या फक्त कंटाळा आल्यावर बोलवत. त्याचं म्हणणं असं, की विमानाच्या मागच्या बाजूला एक पेटी असते. ती पाण्यात पडली की टिक टिक आवाज करत राहते, पण तिची बॅटरी तीसच दिवस चालते. दक्षिणेच्या समुद्रात सहा जहाजं तो आवाज शोधताहेत. ती तिथून हलवू नका. एकदा पेटी गप्प झाली की मग कुणालाच कधी कळणार नाही, काय झालं ते. पण प्रवाशांच्या घरच्यांना पेटी नको होती, माणसं हवी होती. ते सरकारी कार्यालयासमोर बसले होते, आणि त्यांच्या मधोमध फोनवाली मुलगी. मागणी एकच: जहाजं उत्तरेला, बेटांकडे वळवा. तेराव्या दिवशी सरकार नमलं. शनिवारी सकाळी सहापैकी पाच जहाजं वळणार असं जाहीर झालं. शाळेत शिट्टीला टाळ्या मिळाल्या.

त्यानंतरच्या बुधवारची गोष्ट. संध्याकाळी पाच वाजता फोनवाली मुलगी थेट कार्यक्रमात सगळ्या देशासमोर वडिलांना फोन लावणार होती. काउंटरवर शिट्टीचा मोबाईल डब्याला टेकवून उभा केला होता. समोर चावीकाका, काकू, आणि आणखी पाचसहा जण एकमेकांच्या खांद्यावर हनुवट्या ठेवून. एवढ्याशा पडद्यात मुलीने फोन कानाला न लावता समोर धरला.

शिट्टीच्या गुडघ्याला ड्रॉवर लागत होता. तो थरथरला.

तिने लक्ष दिलं नाही. कशाला देईल? चारपाच सेकंदांनी पडद्यावर रिंगचा आवाज आला आणि निवेदक दबक्या आवाजात म्हणाला, वाजतोय. सगळ्यांनी श्वास धरले. आठ रिंगा झाल्या. शिट्टीच्या गुडघ्याशी आठ झाल्या आणि थांबल्या. मग पडद्यावर आठ झाल्या आणि थांबल्या.

निवेदक म्हणाला, पुन्हा लाव बाळा. ड्रॉवर पुन्हा थरथरला. आणि पुन्हा, तितक्याच उशिराने, पडद्यावरचा फोन वाजायला लागला.

थेट कार्यक्रम मोबाईलवर थोडा मागून येतो, हे शिट्टीला माहीत होतं. खेळाच्या सामन्यात शेजारच्या घरातून आरडाओरडा आधी येतो आणि मग आपल्याला दिसतं, तसं. तिने हळूच गुडघा ड्रॉवरला घट्ट दाबला. हाडातून थरथर वर आली. तिने बाबांकडे पाहिलं. बाबांच्या डोळ्याला भिंग होतं, पण हातातला चिमटा हवेत थांबला होता.

तिसऱ्यांदा लावला तेव्हा बाबांनी पाय पुढे घेतला आणि ड्रॉवर पोटरीने दाबून धरला. दोघं तशीच बसून राहिली, एक गुडघ्याने आणि एक पोटरीने, आणि समोर काकू पदराने डोळे पुसत म्हणत होत्या, आहे हो, कुठेतरी आहे नक्की.

गर्दी पांगल्यावर बाबांनी शटर अर्धं खाली ओढलं. ड्रॉवरमध्ये आठ फोन होते. चार्जिंगची वायर एकालाच लावलेली. काळा पडदा, एका कोपऱ्यात तडा. रबराखाली शिट्टीच्या अक्षरात पावती: 'घाईतले काका'. तारीख विमान उडालं त्या दिवसाची. वेळ सकाळी पावणेसात.

त्या दिवशी शाळेला सुट्टी होती म्हणून ती बाबांबरोबर लवकर आली होती. मग आठवलं. बोळाच्या तोंडाशी टॅक्सी चालूच ठेवून एक काका धावत आले होते. टॅक्सीत बसताना फोन हातातून पडला होता, पडदा गेला होता, बोट लावलं तर काही हलत नव्हतं. आत सगळं आहे, पुसू नका, सोमवारी येतो, असं म्हणाले आणि पावतीचा तुकडा खिशात कोंबून पळाले. तिने मोठ्या झोकात नाव लिहिलं होतं. सोमवारी ते आले नाहीत. पण सोमवारी येतो म्हणणारी माणसं गुरुवारी, पुढच्या महिन्यात, कधी कधी येतच नाहीत. कपाटाचा खालचा कप्पा अशाच फोनांनी भरला होता.

पडदा मागवलेला होता, यायचा होता. तोवर फोन बंद पडू द्यायचा नाही हाही धंद्यातलाच रिवाज; एकदा बंद झाला की चालू होताना कोड मागतो, आणि कोड सांगायला काका थांबले कुठे? म्हणून बाबांनी तो दोन आठवडे न चुकता चार्ज केला होता.

शिट्टीने पावती उलटी केली, पुन्हा सुलटी केली. शेवटी ती म्हणाली, "बंद करून टाकू या?"

"आणि उद्या तिने लावला तर?" बाबा म्हणाले.

तेवढ्यावर तिला कळलं. आज सगळ्या देशाने तो वाजताना ऐकला होता. उद्या वाजला नाही, की ती नववीतली मुलगी समजणार, बाबा काल होते आणि आज गेले. चालू ठेवला तर पाच जहाजं शनिवारी बेटांकडे निघणार, आणि ती पेटी पाण्याखाली एकटी टिक टिक करत राहणार. शिट्टीने वायरकडे पाहिलं. ती काढण्याची हिंमत नव्हती आणि ती तिथे लावलेली बघवतही नव्हती.

पोलिसात जाऊ, असं तिने म्हणून पाहिलं. बाबांनी भिंग पुसलं, मग पुन्हा पुसलं. त्यांचं म्हणणं तिला अर्धंच पटलं, पण अर्धं पटलं हे खरं. पोलिसात गेलं की तासाभरात वाहिन्यांवर, आणि वाहिन्यांवर गेलं की 'फोन लपवणारा दुकानदार'. तीन वर्षांपूर्वी मागच्या बोळातल्या एकाने कुणाचे तरी फोटो बाहेर काढले अशी नुसती आवई उठली होती. खरं-खोटं ठरायच्या आत त्याच्या दुकानाचा पत्रासुद्धा उरला नव्हता. तो माणूस आता दुसरीकडे कुठे तरी पाण्याच्या बाटल्या पोचवतो.

"आपण काही केलेलं नाही," बाबा म्हणाले. "आपण नियमच पाळला." आणि हे वाक्य त्यांना स्वतःलाच इतकं वाईट लागलं, की त्यांनी भिंग डबीत टाकून दुकान आवरायला घेतलं.

गुरुवारी शाळेत जायच्या आधी शिट्टीने मदतकेंद्राचा नंबर फिरवला. चाळीस मिनिटं गाणं वाजलं. मग एका दमलेल्या ताईंनी उचललं आणि तिचं पुरतं ऐकूनही घेतलं. शेवटी म्हणाल्या, तो फोन आपल्याकडे आहे असं सांगणाऱ्या आज सकाळपासूनच्या तुम्ही सत्ताविसाव्या. एक जण तर म्हणाला, फोन बेटावर आहे आणि मी तिथूनच बोलतोय. नंबर लिहून घेतला, कळवू म्हणाल्या. शिट्टीने विचारलं, कधी? ताई म्हणाल्या, रांग मोठी आहे हो.

आणि शाळेत प्रार्थनेनंतर मुख्याध्यापकांनी तिला मंचावर बोलावलं. आपल्या शाळेच्या एका मुलीच्या विचाराने जहाजं वळताहेत, दोन शब्द बोल. सहाशे माना वर झाल्या. शिट्टीने ठरवलं होतं, सांगून टाकायचं. तोंड उघडलं आणि त्यातून बाहेर काय आलं? फोन वाजतोय. म्हणजे फोन कोरडा आहे. म्हणजे. म्हणजे. म्हणजे. सवयीने हातही हलले. टाळ्या पडल्या. उतरताना तिची पायरी चुकली; बाईंना वाटलं भारावून गेली, आणि त्यांनी तिची पाठ थोपटली. शिट्टीला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, आपला आवाज कुणीतरी काढून घ्यावा.

संध्याकाळी ती फळीखालून आत शिरली आणि कोपऱ्यात बसली. फोन दर तासाला थरथरत होता. पूर्वी ऐकू न येणारा आवाज आता बोळातल्या सगळ्या आवाजांच्या वर येत होता. चावीकाका येऊन म्हणाला, आज आमची शिट्टी गप्प का, बिघडली की काय? काकू म्हणाल्या, दृष्ट लागली असेल. शिट्टीने ड्रॉवरवर दप्तर ठेवलं. बाबांनी त्याच्यावर पाठ्यपुस्तकं ठेवली. तरी कपाटाची काच किणकिणत राहिली.

शुक्रवारी दुपारी पडदा आला. शिट्टी अर्ध्या दिवसानंतर पोट दुखतंय सांगून आली होती, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. बाबांनी भिंग लावलं. बारीक स्क्रू एकेक काढून चुंबकाच्या पट्टीवर ओळीने मांडले, जुना पडदा उष्णतेने सैल करून उचलला, नवा बसवला, दाबून धरला. वीस मिनिटांच्या या कामात त्यांनी एकदाही श्वास सोडला नसावा. फोन उजळला.

न उचललेले फोन चारशे बारा. त्यातले तीनशेच्या वर एकाच नावाचे: 'माऊ'.

नंबर आता दिसत होता. शिट्टीने आपल्या मोबाईलवरून तो लावला. उचलला नाही. लावला, लावला, पाच वेळा लावला. देशभरातले रिकामटेकडे त्या पोरीला फोन करत असणार, ती अनोळखी नंबर का उचलेल? मग तिने काकांच्या फोनकडे हात नेला आणि बाबांनी तिचं मनगट धरलं.

"याच्यावरून नको," ते म्हणाले. "तिच्या पडद्यावर काय नाव येईल?"

शिट्टीने हात मागे घेतला.

इथून लावायचा नाही. तिचा येईल तेव्हा उचलायचा. एवढं ठरलं, पण त्यातही गोम होतीच. तीनशे वेळा न उचललेला फोन कुणीतरी उचलला, हे कळून पहिला शब्द कानावर पडेपर्यंत त्या मुलीला काय वाटेल? त्यात पुरुषाचा आवाज आला तर? नुसतं 'हॅलो' पुरे. बाबांचा आवाज सर्दी झालेल्या कुठल्याही माणसासारखा, कुणाच्याही वडिलांसारखा.

"तूच उचल," बाबा म्हणाले. "तुझा आवाज कुणाचा वाटणार नाही."

दुसरी वेळ असती तर यावर शिट्टीने पंधरा मिनिटं भांडण केलं असतं. आता तिने मान हलवली. वाक्य जुळवलं, मनात पाच वेळा म्हटलं. बाबांनी शटर ओढलं, पुरतं. आत दिवा लागला. बाहेर चावीकाकाची कानस घासल्याचा आवाज येत होता आणि कुणीतरी म्हणत होतं, उद्या वळणार जहाजं, बघा, रविवारपर्यंत माणसं घरी.

सव्वातीन वाजता पडद्यावर 'माऊ' आलं. सोबत एक फोटो, दात पडलेल्या सहासात वर्षांच्या मुलीचा. शिट्टीने बाबांकडे पाहिलं. बाबांनी नजर खाली केली. तिने हिरव्या खुणेवर बोट ठेवलं.

पलीकडे एकदम काहीच नव्हतं. श्वासही नाही. मग अगदी लहान आवाज: "बाबा?"

जुळवलेलं वाक्य गेलं. शिट्टी म्हणाली, "नाही. मी मुलगी आहे. मी मोबाईल दुरुस्तीच्या दुकानातून बोलतेय. बाबा इथे नाहीत. त्यांचा फोन इथे आहे. त्या दिवशी सकाळी टाकून गेले होते, पडदा फुटला म्हणून. तेव्हापासून इथेच आहे, ड्रॉवरमध्ये."

"कुठे?"

"जुन्या बाजारात."

"कुठल्या देशात?"

शिट्टीने डोळे मिटले. "आपल्याच. आपल्याच गावात, अगं. दुसऱ्या बोळात."

"खोटं बोलतेस." मग जरा थांबून, "तुझा आवाज मी ऐकलाय. तू बेटांवाली. मी तुझा व्हिडिओ रोज झोपायच्या आधी लावते."

शिट्टी म्हणाली, "हो. मीच ती. मला माहीत नव्हतं."

"काय म्हणाले ते? टाकताना?"

"आत सगळं आहे, पुसू नका म्हणाले. सोमवारी येतो म्हणाले."

पलीकडे ती मुलगी ते वाक्य हलक्या आवाजात स्वतःशीच पुन्हा म्हणाली. पडद्यावर सेकंद पुढे जात होते. मग मुलगी अगदी शांत आवाजात म्हणाली, "मग सोमवारी आले नाहीत तेव्हा तुम्हाला काहीच वाटलं नाही?"

बाबांना ते ऐकू गेलं. त्यांनी स्टुलावर बसल्या बसल्या भिंतीकडे तोंड केलं.

"लोक उशिरा येतात," शिट्टी म्हणाली.

"हं."

शिट्टीने घाई केली, कारण हे आता सांगितलं नाही तर पुन्हा धीर होणार नाही हे तिला कळत होतं. "उद्या सकाळी जहाजं निघतील. ती पेटी अजून वाजत असेल. म्हणून उचलला. तू सांगितलंस तरच थांबतील. माझं कुणी ऐकत नाहीये."

"तुझं?" मुलगी म्हणाली. "तुझं तर सगळेच ऐकतात." त्यात टोमणा नव्हता, आणि म्हणून ते जास्त लागलं. मग तिचा आवाज बदलला, शाळेत गणित समजून घेतात तसा. "मी थांबवलं तर जहाजं पाण्यातच शोधतील."

"हो."

"पाण्यात म्हणजे."

यापुढे तिने काही जोडलं नाही.

"आई तिकडे बसलीये," मुलगी म्हणाली. "सगळ्यांबरोबर. ती फक्त माझ्या फोनच्या आशेवर बसलीये. मी तिला काय सांगू? मला नाही सांगता येणार. तू सांग."

"मी?"

"तू उचललास ना. मग तूच. ठेवू नकोस. ठेवलास तर मी पुन्हा लावणार नाही, आणि कुणाला सांगणारही नाही, आणि उद्या जहाजं जाऊ देत कुठे जायची तिथे. मी तिला आणते. ठेवू नकोस हं."

फोन तिने बहुतेक हातातच धरला होता, कारण आता पलीकडचं सगळं ऐकू येत होतं: घोषणा, कुणाचा तरी खोकला, माणसांच्या गर्दीतून वाट काढताना होणारी घासाघास, आणि मध्येच कुणीतरी विचारलेलं, काय गं, वाजतोय का आज? मुलीने काही उत्तर दिलेलं ऐकू आलं नाही.

इकडे शटरवर थाप पडली. चावीकाका विचारत होता, दिवसाढवळ्या शटर का, तब्येत बरी आहे ना? बाबा उठले, शटरला पाठ लावून उभे राहिले. शिट्टीला ते तसे कधी दिसले नव्हते, हात पसरलेले, दोन्ही भिंतींना टेकलेले. ती म्हणाली असती, बाबा तुम्ही बोला, तुम्ही मोठे आहात. पण बाबांचा आवाज पुरुषाचा होता, आणि पलीकडे येणारी बाई पडद्यावरच्या नवऱ्याच्या नावावर नजर लावून येत होती. तिने फोन दोन्ही हातांनी कानाशी धरला. कान तापला होता, आणि हात बदलायचीही तिला भीती वाटत होती, चुकून बोट लागलं तर.

पलीकडचा गोंगाट मागे पडला. कुठलं तरी दार लागलं. मुलगी हळूच म्हणाली, आई, बस ना इथे, आधी बस. मग बांगड्यांचा आवाज, फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेल्याची खरखर, आणि एका बाईचा धापा टाकणारा, हसू आवरता न येणारा आवाज. "अहो, उचललात? कुठे आहात?"

शिट्टीने श्वास घेतला. तिला पुन्हा पहिल्यापासून सांगायचं होतं.